गजेंद्र फळीवरून उतरला

मांडवीकाठच्या आमोण्याच्या देवळात प्रभावतीबाय कीर्तनाला उभ्या राहिल्या की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं डोळे मिटून घेतात. झोप येते म्हणून नव्हे हो! डोळे मिटले की आबा हरिदास उभे आहेत असं वाटतं म्हणून. बापाचा गळा लेकीच्या कंठात उतरलेला. माहेर आणि सासर एकाच गावात, मधे एक व्हाळ, ओढाच म्हणा. त्या व्हाळाच्या अलीकडे आबांची चाळीस वर्षं वर्धापनदिनाची सेवा झाली आणि पलीकडे सून म्हणून आलेल्या प्रभावतीबायने ती पुढे चालवली. यंदा त्यांना सदुसष्टावं लागलं.

आबांची आख्यानं त्यांना सगळी पाठ. नव्हतं ते एकच, गजेंद्रमोक्षाचं. ते आबांनी स्वतः रचलेलं, ओवीत बांधलेलं. पुराणातला मगर सरोवरातला. आबांचा मगर मात्र मांडवीच्या खाऱ्या पाण्यातला, खारफुटीतल्या चिपीच्या झाडांखाली लपणारा. लहानपणी प्रभावतीबायने ते आईच्या मांडीवर पडून दोनदा ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा हत्तीचा पाय मगराने धरला तिथेच झोप लागली होती. पुढे आबांनी ती वही धारगळच्या महादेवबुवांना, आपल्या पट्टशिष्याला देऊन टाकली. आबा गेले, मग बुवा गेले, आणि वही कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही.

ती वही या वर्षी सापडली. बुवांच्या घरी रंग द्यायला पेट्या हलवल्या, तर तळाला लाल फडक्यात बांधलेली! बुवांची सून सोनाली, तिने लगेच फोन केला. प्रभावतीबाय आणि त्यांचे यजमान शंभू दुसऱ्याच दिवशी धारगळला पोचले. पण वहीची दशा काय सांगावी? पानाला बोट लावलं की पापुद्रा सुटे. जांभळी शाई उडून उडून कागदाच्याच रंगाची झालेली. प्रभावतीबायने वही कपाळाला लावली आणि परत ठेवली. सोनाली हुशार. तिने एकेका पानाखाली पुठ्ठा सरकवून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पानांचे फोटो काढले आणि पेन ड्राइव्हवर घालून घरी आणून दिले. "आत्ये, संगणकावर मोठं करून बघा. वहीपेक्षा फोटोत जास्त दिसतं."

प्रभावतीबायने त्याच दिवशी देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष गणेश यांना सांगून टाकलं, "यंदा वर्धापनाला आबांचं गजेंद्रमोक्ष. लोकांनी साठ वर्षांत ऐकलेलं नाही."

सांगून बसल्या, आणि तिथूनच फजिती सुरू झाली.

मुलगा अक्षय पुण्याला जाताना आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. तो इतके दिवस जेवणाच्या मेजावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असायचा. पण आता त्याच्या पोटात आबांची वही आली. मग तो मेजावर कसा चालेल? प्रभावतीबायने तो पुसला, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि देवखोलीबाहेरच्या फळीवर, जिथे पूर्वी रेडिओ असायचा, तिथे उंच नेऊन ठेवला. खाली बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, मांडलं. तोंड पूर्वेला. पोथी वाचायची तर पूर्वेला तोंड हवं, हे आबांनीच शिकवलेलं. फळीच्या मागे पूर्वेचंच जनेल. सकाळी त्यातून ऊन असं यायचं की देवाचं तेजच म्हणावं!

आणि दिसेना. काही केल्या दिसेना. अक्षरं म्हणजे तांदळातल्या किडी, धरायला जावं तर पळतात. डोळ्यांना पाणी, कपाळ ठणकतं. अर्ध्या तासात एक ओवी, तीही अर्धी अंदाजाने.

"उजेड कमी पडतोय," प्रभावतीबाय म्हणाल्या. समई मंद झाली की आपण काय करतो? आणखी एक वात लावतो. त्यांनी पडद्यावरची प्रकाश कमीजास्त करायची पट्टी धरली आणि उजवीकडे नेली, पार शेवटपर्यंत. पडदा ढणढण पेटला. दुसऱ्या दिवशी आणखी कमी दिसलं, तर त्यांनी वरचा ट्यूबलाइटही लावला.

शंभू बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीवर, उंडो पाव चहात बुडवत बसले होते. तिथूनच ओरडले, "अगे प्रभा, वाचतेस की माडावरचे नारळ मोजतेस? मान केवढी वर केली आहेस!"

"चष्म्याच्या खालच्या भिंगातून वाचायचं असतं. मान वर केल्याशिवाय खालचं भिंग समोर कसं येईल?"

"मग मानेला पट्टा आणू?"

"तुमी उंडो खा."

कोणी म्हणेल, छापून का नाही घेतलं? घेतलं की! साखळीच्या झेरॉक्सवाल्याने अठ्ठेचाळीस पानं काढून दिली. शाईही काळी, डागही काळे, मगर कुठला आणि पाणी कुठलं ते कळेना. मग शंभूंनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला. बिचारे मनापासून वाचायचे, पण जन्मभर नदीतल्या मालवाहू बार्जीवर तांडेल. त्यांच्या तोंडून ओवी अशी यायची जशी धक्क्यावर बार्ज लावताना द्यायची हाळी. प्रभावतीबाय कान धरून म्हणाल्या, "पुरे. आबा वर ऐकत असतील." खरं सांगायचं तर त्यांना आबांचं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कुठे आबांनी रेघ ओढली आहे, कुठे अक्षर दाबून काढलं आहे, त्यावरून त्यांना चाल सुचायची.

डिचोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागेच काढलेला, डाव्यातला अजून कोवळा. डॉक्टरने चष्मा तपासला आणि हसून म्हणाला, "नंबर बरोबर आहे, आजी. गाडी ठीक आहे. रस्ता बघा."

रस्ता काय बघायचा ते त्याने सांगितलं नाही. बाहेर बारा माणसं बसली होती.

आठ दिवस गेले. अठ्ठेचाळीसपैकी तीन पानं झाली. आठव्या दिवशी गणेश घरी आला. माणूस चांगला, देवळासाठी झटणारा. पण त्याच्या पाठी पत्रिका छापायची घाई.

"प्रभावतीबाय, रागावू नका. जमत नसेल तर तुमचं नेहमीचं आख्यान लावा. नाहीतर यंदा विश्रांती घ्या. फोंड्याकडचे एक बुवा त्या दिवशी मोकळे आहेत. मी शब्द टाकून ठेवला आहे. शुक्रवारी सकाळी पत्रिका छापायला जाते. तोवर सांगा."

"सांगते," प्रभावतीबाय म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या फळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. नेहमीचं आख्यान लावायला काहीच हरकत नव्हती. लोक तेही डोळे मिटूनच ऐकतील. पण आबांची ओवी समोर येऊन उभी आहे आणि आपल्याला ती वाचता येत नाही, हे त्यांना सोसेना. आता नाही तर कधी? पुढच्या वर्षी डोळे आणखी थोडे जातील. वही तर त्याआधीच जाईल. विश्रांती घ्या म्हणे! हत्ती काय विश्रांतीला पाण्यात उतरला होता?

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि एकादशी.

प्रभावतीबायचा रोज एक अध्याय वाचायचा नेम. पण गेले आठ दिवस त्यांनी डोळे गजेंद्रासाठी राखून ठेवले होते आणि पोथीला नुसता नमस्कार चालला होता. एकादशीला मात्र पोथी चुकवणं शक्य नव्हतं. स्नान झालं. पाट मांडला, समोर चौरंगावर लाकडी ठवणी उघडली, तिच्यावर पोथी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली.

पंधरा ओव्या झाल्या. वीस झाल्या. गळा मोकळा चालला होता, आणि एकविसाव्या ओवीला प्रभावतीबायच्या मनात वीज चमकावी तसं झालं. अरे! मी तर वाचते आहे! पाणी नाही, कपाळ ठणकत नाही, अक्षर पळत नाही. तेच डोळे. तोच चष्मा. मग?

त्या उठणारच होत्या. पण अध्याय अर्धा टाकून उठायचं कसं? देव काय म्हणेल? मग त्यांनी तो अध्याय असा वाचला, असा वाचला की देवालाही धाप लागली असेल. शेवटची ओवी झाली, फूल वाहिलं, आणि हाक मारली.

"अहो! जरा या. धावत या!"

शंभूंना वाटलं पडली की काय. ते आले तर बायको पाटावर बसलेली, ठवणीवरच्या पोथीकडे बोट दाखवत.

"पळया. ही पोथी बघा. हिच्यात आणि त्या फळीवरच्यात फरक काय?"

"ही विजेवर चालत नाही."

"चेष्टा नको. नीट बघा. ही कुठे आहे? माझ्या नाकाच्या खाली. मी मान वाकवून बघते, तशी खालच्या भिंगातून आपोआप दिसते. अशी तिरकी, मागे रेललेली. पान कसलं? पिवळट. पांढरं भगभगीत नव्हे. अक्षर केवढं? चिंचोक्याएवढं. एका पानावर ओळी किती? मोजक्या. आणि उजेड कुठून येतो? बाजूच्या जनेलातून, पानावर. माझ्या डोळ्यांत नव्हे."

शंभूंनी वर फळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे गजेंद्राला खाली उतरवायचा?"

इथे प्रभावतीबाय थबकल्या. आबांची वही, आणि ती रेडिओच्या फळीवरून खाली, जमिनीजवळ? पण मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पोथी वाचताना आजवर कधी फळीवर ठेवली होती का? वाचून झाली की फडक्यात गुंडाळून वर. वाचताना मात्र चौरंगावर, लेकरासारखी जवळ. त्या आठ दिवस आबांच्या वहीचं नुसतं दर्शन घेत होत्या, मंदिराच्या कळसाचं घ्यावं तसं खालून.

"न वाचायची पोथी वर," त्या म्हणाल्या. "वाचायची पोथी मांडीसमोर. उतरवा त्याला!"

लॅपटॉप उतरला. ठवणीवर तो राहीना, घसरे. म्हणून चौरंगावर ठेवला आणि त्याचा पडदा पोथीसारखा मागे रेलवला. पूर्वेच्या जनेलाकडे पाठ केली तर पडद्यात प्रभावतीबायचंच तोंड दिसू लागलं, कुंकवासकट. तोंड केलं तर ऊन डोळ्यांत. शेवटी चौरंग फिरवला. जनेल उजव्या हाताला आणि तोंड उत्तरेला.

"उत्तर चालते?" शंभूंनी विचारलं.

"चालते. उत्तरेला तोंड करूनही पोथी वाचतात. आधी कशी आठवली नाही!"

मग आली ती उजेडाची पट्टी. प्रभावतीबायचा हात तिच्यावर घुटमळू लागला. उजेड कमी करून जास्त दिसेल हे मनाला पटेना. शंभू शेजारी बसले होते. म्हणाले, "प्रभा, संध्याकाळी नदीत बार्ज असली ना, की केबिनमधल्या मीटरांचा दिवा आमी अगदी बारीक ठेवायचो. काटा दिसेल एवढाच. मोठा केला की डोळे दिपायचे. मग काटाही नाही दिसत नि काठही नाही."

"हे तुमी आठ दिवसांपूर्वी का नाही सांगितलं?"

"तू मला उंडो खायला सांगितलास. मी खात होतो."

प्रभावतीबायने पट्टी डावीकडे सरकवली. अर्ध्यावर. आणखी थोडी. पडद्याचा उजेड खोलीतल्या उजेडाएवढाच झाला, आणि तो पेटलेला चौकोन बघता बघता कागदासारखा शांत झाला. मग दोघांनी मिळून सेटिंगची सगळी पानं धुंडाळली. एके ठिकाणी पडद्याचा रंग उबदार करायची सोय निघाली. ती लावली तर पांढरेपणा जाऊन जुन्या पोथीसारखा रंग आला. पडद्यावर सारखा हरवणारा बाण मोठा करता येतो हे कळलं, तो शंभूंनी एवढा मोठा केला की तांडेलाला पैलतीरावरून दिसावा. फोटोच्या खिडकीत एक आणखी पट्टी होती, शाई गडद करायची. ती सरकवली आणि काय सांगावं! साठ वर्षांची उडालेली जांभळी शाई कागदातून अशी वर आली, जशी भरती आल्यावर नदीच्या पाण्यावर होडी.

शेवटी अक्षर. प्रभावतीबाय पान मोठं करत गेल्या. अख्खं पान दिसत होतं त्याचं अर्धं झालं, मग पाव. पडद्यावर फक्त चार ओळी उरल्या. एक ओवी. चिंचोक्याएवढं अक्षर, आबांचं, दाबून काढलेलं, शेवटच्या वेलांटीला लहानशी गाठ मारलेलं.

त्या वाचू लागल्या:

"पाय रुतला गाळात,
बळ सरले पळापळात,
कमळ एक उरे करात,
तेचि अर्पी गोविंदा."

आवाज न अडखळता आला. ओवी संपल्यावर त्यांनी सवयीने मान वर करून समोरच्या भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे पाहिलं, डोळे क्षणभर मिटले, उघडले. पोथी वाचताना तसंच करायचं असतं ना, ओवी झाली की देवाकडे बघायचं. त्या एका नजरेने डोळ्यांतली सगळी कोरड गेली. आठ दिवस त्या पडद्याकडे पापणी न मिटता बघत राहिल्या होत्या. देव विचारतच असेल, बाई माझ्याकडे कधी बघणार?

"काय झालं?" शंभूंनी विचारलं. प्रभावतीबायच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हे दुखण्याचं पाणी नव्हे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी उंडे विकणाऱ्या पोदेराची सायकल दारातून पुढे जाते न जाते तोच त्यांनी गणेशला फोन लावला.

"छापा."

"काय छापू, बाय?"

"आबा हरिदासविरचित गजेंद्रमोक्ष. निरूपण, प्रभावती. आणि गणेशबाब, तुमची पत्रिका दर वर्षी मुंग्या सांडल्यासारखी असते. यंदा अक्षर जरा मोठं छापा."

पंधरा दिवस उरले होते. ओव्या एकशे बारा. रोज आठ. सकाळी पाट, चौरंग, उजवीकडून उजेड, एक ओवी, एक नजर विठोबाला. आठ झाल्या की लॅपटॉप बंद करून फडक्यात गुंडाळायचा आणि फळीवर ठेवायचा. दुपारी भिकाजी तबला घेऊन यायचे. भिकाजी ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी आबांच्या मागे बसलेला एवढा एकच माणूस गावात उरलेला. पण गजेंद्रमोक्षाला त्यांनी कधी साथ केली नव्हती. त्याआधीच वही धारगळला गेलेली. प्रभावतीबाय म्हणायच्या आणि भिकाजी ठेका शोधायचे. सापडला की तोंडात सुपारी असल्यासारखे हसायचे. "हां. आबाच हे. आबाला इथे असंच वळण लागायचं."

चौदाव्या दिवशी शेवटचं पान उघडलं. लहानपणी ज्याच्या आधीच झोप लागायची तो शेवट. देव आला, हत्तीला वर काढला, हे सगळ्या जगाला ठाऊक. पण आबांची वही तिथे थांबत नव्हती. प्रभावतीबायने शेवटच्या चार ओळी मोठ्या केल्या, वाचल्या, आणि त्या दिवशी भिकाजींना म्हणाल्या, "शेवटची ओवी आज म्हणत नाही. देवळातच ऐका."

"आणि मी ठेका काय धरू?"

"धरू नका."

वर्धापनाच्या संध्याकाळी मंडप भरला. नमन झालं, पूर्वरंग झाला. बुक्का लागला, हार पडला. फोंड्याचे बुवाही आले होते, पहिल्या रांगेत येऊन बसले. प्रभावतीबायने झांज उचलली आणि गजेंद्र पाण्यात उतरला. मांडवीचं पाणी, चिपीची झाडं, गाळ. मगराने पाय धरला तेव्हा मागच्या रांगेतली पोरं पाय आखडून बसली. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते. हळूहळू ते उघडले. हे आख्यान त्यांनाही नवं होतं. एकशे अकरा ओव्या झाल्या, एकही शब्द हातातून सुटला नाही. देव आला. मगराचा जबडा सुटला. हत्ती काठावर आला. आता सगळे जयजयकाराला टाळ्या वाजवणार, इतक्यात प्रभावतीबायने हात वर केला. भिकाजींनी तबल्यावरचा हात उचलला. पेटी थांबली.

"देव म्हणाला, चल," त्या सावकाश बोलल्या. "पण आबांचा हत्ती हलेना. तो वळला. पाण्याकडे बघून म्हणाला..."

आणि साथीशिवाय, एकट्या गळ्यातून:

"मगरे धरिला माझा पाय,
म्हणोनि आठवली माय,
त्यासी सोडून जाऊ काय?
आधी तारी तयासी."

मग पहिल्या रांगेतले फोंड्याचे बुवा उठले, हात जोडून तिथेच उभे राहिले. आणि मागून, बायकांच्या बाजूने, कोणीतरी 'गोविंदा' म्हटलं. ते पुढे सरकलं, पुरुषांकडे गेलं, खांबांवर चढलं, बाहेर चण्यांच्या गाड्यापर्यंत पोचलं. गणेश कमिटीच्या खुर्चीवरून खाली येऊन लोकांत बसला आणि डोळे पुसत तेच म्हणू लागला.

प्रभावतीबायला पुढे निरूपण करायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आवाज त्या गजरात बुडाला.

"प्रभा गे," मागून भिकाजी म्हणाले. त्यांचेही गाल ओले होते. "उभी राहा तशीच. तुझी पाळी झाली. आता त्यांची."

त्या झांज छातीशी धरून उभ्या राहिल्या, आणि गाव म्हणत राहिलं.